बॅकप कपाटात हाये!

२०११ सालापासून ३१ मार्च हा दिवस जगात ‘वर्ल्ड बॅकप डे’ म्हणून पाळला जातो. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल; आपला डेटा उडून आपणच फूल ठरू नये म्हणून आदल्या दिवशी एक प्रत काढून ठेवा, असा त्यामागचा विचार. हा दिवस ठरवणाऱ्याने ३१ मार्चला अकोल्यातलं एखादं कर सल्लागाराचं ऑफिस पाहिलेलं नसणार. त्या दिवशी तिथे दुपारचा डबा संध्याकाळी उघडतो. टेबलावर व्हाउचरांचा ढीग, दारात चार पार्ट्या, फोनवर पाचवी. अशा वेळी कुणी नव्या पोराने भीतभीत विचारलं, ‘‘सर, आज ईमेलचा बॅकप घ्यायचा काय?’’ तर उत्तर ठरलेलं असतं. ‘‘तुह्या बॅकपले पाच एप्रिल चालत नाई काय बे?’’

पाच एप्रिल येतो. पण तोवर ऊन तापलेलं असतं आणि सगळे मार्च एंडचा शीण काढत असतात. मग अक्षय तृतीया, मग लग्नसराई, मग पेरणी, मग पोळा, मग रिटर्नच्या तारखा. दिवाळीनंतर कापूस येतो, तेव्हा तर कुणी कुणाचं ऐकत नाही. बॅकपचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही तो नाहीच, आणि बघता बघता पुन्हा मार्च लागतो.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल, की आता सगळं मोबाइलवर आणि इंटरनेटवर असताना ईमेलचा असा वेगळा बॅकप घेतं कोण? त्याने अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपासची ऑफिसं किंवा अकोल्याच्या एमआयडीसीतली एखादी दालमिल पाहावी. जिनिंग, दालमिल, सीएची ऑफिसं, कॉलेजांच्या आस्थापना शाखा, या सगळ्या ठिकाणी कोपऱ्यात एक जुनं कॉम्प्युटर असतं आणि त्यावर आउटलुक किंवा थंडरबर्ड चालू असतं. त्याची मुळं डायलअपच्या काळात आहेत. मोडेम किर्रकिर्र करून जोडला जायचा, फोनचा मीटर पळायचा, आणि एका एमबीचा फोटो उतरायला तीन-चार मिनिटं लागायची. मेल ऑनलाइन वाचत बसणं म्हणजे टेलिफोन खात्याला देणगी देणं. म्हणून कनेक्शन लावायचं, सगळे मेल एका दमात कॉम्प्युटरमध्ये ओढून घ्यायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचे. हे काम आउटलुक एक्स्प्रेस करायचं.

त्यात एक बारीकशी गोष्ट होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पीओपी नावाच्या त्या पद्धतीत एकदा मेल कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. वेगळी सूचना दिली तरच तिथे राहायचा. सर्व्हरवर जागाही नव्हती. २००४ साली जीमेल १ एप्रिललाच आलं आणि १ जीबी जागा फुकट देऊ म्हणालं, तेव्हा जगाला ती थट्टा वाटली, कारण हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं. सांगायचं इतकंच, की २००२ सालचा सरकीचा व्यवहार ज्या मेलवर ठरला, तो मेल जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या पोटात आहे.

हे पोट सापडणं सोपं नाही. आउटलुक सगळे मेल, पत्ते, कॅलेंडर एका ‘पीएसटी’ फाइलमध्ये कोंबतं. थंडरबर्ड आपला सगळा संसार ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये मांडतं. त्या फोल्डरचं नाव आठ अगम्य अक्षरांनी सुरू होतं आणि ते ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या घरात राहतं. विंडोज हे घर मुद्दाम लपवून ठेवतं, उगाच कुणी आत जाऊन उचकापाचक करू नये म्हणून. हेतू चांगला आहे, पण परिणाम वऱ्हाडात वेगळा होतो. कॉम्प्युटर हळू झालं की दुरुस्तीवाला पोरगा येतो, दोन मिनिटं पाहतो आणि निदान सांगतो.

‘‘काकाजी, फॉरमॅट मारावं लागते. विंडो नवीन टाकून देतो.’’

‘‘टाक. पन माह्या कामाचं सप्पा काढून ठेव आंधी.’’

‘‘डेस्कटॉपवरचं आन माय डॉक्युमेंटमधलं काढून घेतो ना. आनखी काई हाये काय?’’

‘‘आनखी काय रायते? तेवढंच हाये.’’

दोघेही खरं बोलत असतात. एकाला मेल दिसतात पण ते कुठे असतात हे ठाऊक नाही, आणि दुसऱ्याला ड्राइव्ह दिसतो पण त्यात मेल आहेत हे ठाऊक नाही. फॉरमॅट मारून होतं, विंडो नवीन लागते, कॉम्प्युटर वाऱ्यासारखं पळू लागतं. संध्याकाळी आउटलुक उघडलं की ते एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखं स्वागत करतं आणि आपला ईमेल पत्ता विचारतं. आत इनबॉक्स कोरा. मग फोन जातो, आणि पोरगा शांतपणे म्हणतो, ‘‘डाटा उडाला असंन काकाजी.’’ जणू डाटाला पंख होते आणि खिडकी उघडी राहिली होती.

एकदा असं झालं की माणूस शहाणा होतो आणि एक्स्टर्नल हार्डडिस्क विकत आणतो. डब्यावर लिहिलेलं असतं १ टीबी. कॉम्प्युटरला लावली की आत दिसते ९३१ जीबी. बाजार समितीत उभं आयुष्य गेलेल्या अडत्याला यात नवल वाटत नाही. त्याच्या लेखी हा डिस्कवाल्याने कापलेला कडता असतो. वास्तविक कुणी काही कापलेलं नसतं. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं बाइट असा दशमान हिशेब करते, आणि विंडोज दर पायरीला हजाराऐवजी १०२४ ने भागतं. माल तोच आहे, मापं दोन आहेत. हे समजावून सांगितल्यावर अडत्या मान डोलावतो आणि म्हणतो, ‘‘हाव ना, कडता असाच असते.’’

मग डिस्क नको, घरात पडलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्हच वापरू, असं कुणी तरी सुचवतं. पेनड्राइव्ह रिकामा आहे, पीएसटी आठ जीबीची आहे, तरी कॉम्प्युटर म्हणतं फाइल फार मोठी आहे, मावत नाही. आठ जीबी चौसष्टात मावत नाही हे गणित कोणत्याही शाळेत शिकवलेलं नसतं. कारण असं, की तो पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या आखणीत एका फाइलला ४ जीबीच्या वर जागा नाही. चार जीबीच्या आतल्या डझनभर फाइली राहतील, आठची एक राहणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये पुन्हा आखला की काम होतं. मात्र पुन्हा आखायचं म्हणजे परत फॉरमॅट मारायचा, आणि या शब्दाने एकदा पोळलेला माणूस तो ऐकताच पेनड्राइव्ह खिशात टाकतो.

फाइलींच्या आकाराची ही कटकट जुनी आहे. २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्ये पीएसटी २ जीबीच्या वर गेली की उघडेनाशी व्हायची. त्यावर मायक्रोसॉफ्टने एक छोटं साधन दिलं होतं, ते वाढलेली फाइल छाटून मापात आणायचं. छाटण्यात काही मेल जातील, हे कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं. २००३ मध्ये मर्यादा २० जीबी झाली, २०१० मध्ये ५०. आता ती ओलांडणं अवघड आहे, पण वऱ्हाडात ज्याच्या मेलमध्ये दर संक्रांतीला आणि दसऱ्याला शुभेच्छांचे फोटो येतात त्याने उमेद सोडू नये.

प्रत्यक्ष प्रत काढायला बसल्यावर पहिला अडथळा असा, की आउटलुक चालू असेल तर फाइल कॉपी होत नाही. आउटलुक बंद करावं लागतं. ऑफिसातल्या बाईंना ते बंद करणं म्हणजे दुकानाचं शटर ओढणं वाटतं, ‘‘मधातच पार्टीचा मेल आला त?’’ येऊ दे, आउटलुक उघडल्यावर तो उतरेल, हे पटवण्यात अर्धा तास जातो. मग कॉपी सुरू होते आणि पडद्यावर उरलेला वेळ दिसू लागतो. आधी म्हणतो दोन तास, मग बारा मिनिटं, मग एक दिवस, मग पुन्हा चाळीस सेकंद. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच हमरस्त्यावरच्या ऑफिसात वीस जीबीची फाइल किती वेळात सरकेल, हे मात्र विंडोजला शेवटच्या मिनिटापर्यंत सांगता येत नाही.

कॉपी झाली, आता डिस्क सुरक्षित काढायची. तर संदेश येतो, की हे उपकरण वापरात आहे. ‘‘कोन वापरून राह्यलं बे?’’ सगळे एकमेकांकडे पाहतात. कुणीच वापरत नसतं. शेवटी जो सर्वांत वडीलधारा असतो तो वायर उपटतो.

इथून पुढे वऱ्हाडी माणसाचा खरा गुण दिसू लागतो. वस्तू जपावी तर त्यानेच. डिस्क तिच्या मूळ डब्यात जाते, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आणि सगळं लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, सोन्याच्या पाटल्या आणि शेताच्या सातबाऱ्याशेजारी. किल्ली देवघरात. त्यानंतर कुणीही विचारलं तर छातीठोक उत्तर मिळतं, ‘‘बॅकप कपाटात हाये!’’

आणि तो नेमका तिथेच असतो, हीच अडचण असते. कारण कॉपी करताना पुष्कळांनी ‘कॉपी’ न म्हणता ‘कट’ म्हटलेलं असतं. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवायची ही कल्पनाच हिशेबी मनाला पटत नाही; जागा फुकट जाते असं वाटतं. म्हणून कॉम्प्युटरमधलं उचलून डिस्कमध्ये ठेवलं की माणूस म्हणतो बॅकप झाला. वास्तविक आधी एकुलती एक प्रत कॉम्प्युटरमध्ये होती, ती आता कपाटात आहे, एवढंच झालं. फरक असलाच तर इतका, की कॉम्प्युटर रोज चालू होत होतं, म्हणून ते बिघडलं तर त्याच दिवशी कळलं असतं.

उष्णतेचा मुद्दा डिस्क कपाटातच पडून राहण्याला आणखी बळकटी देतो. बऱ्याच पोर्टेबल हार्डडिस्कांच्या माहितीपत्रकात त्या ५ ते ३५ अंश तापमानात चालवाव्यात असं छापलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश ही बातमी होत नाही. २०२४ च्या मेअखेर तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात १४४ कलम लावावं लागलं होतं. छापील अटी कसोशीने पाळायच्या तर कुलर-एसी नसलेल्या खोलीत उन्हाळाभर डिस्कला हात लावता येणार नाही. मात्र त्याच पत्रकात पुढच्या ओळीत असतं, की बंद ठेवलेली डिस्क साठ-पासष्ट अंशही सोसते. म्हणजे ती न वापरता कपाटात ठेवणारा माणूस शास्त्राला धरूनच वागतो. ती चालू होईल का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नाही, आणि डिस्कलाही नाही.

‘‘गूगलवर हायेच ना सारं’’ हा दुसरा पंथ. त्यांना २०११ सालची गोष्ट सांगावी. फेब्रुवारीच्या शेवटी एका बिघाडामुळे जीमेलच्या हजारो लोकांचे इनबॉक्स एका सकाळी रिकामे दिसले. प्रमाण ०.०२ टक्के होतं, पण ज्याचा इनबॉक्स त्याला ते शंभर टक्केच. गूगलने मेल परत आणले, ते कुठून? चुंबकीय टेपवरून. जगातल्या अतिप्रगत कंपनीने कुठे तरी कपाटात टेप ठेवलेल्या होत्या. वऱ्हाडी पद्धतीत आणि गूगलच्या पद्धतीत फरक इतकाच, की त्यांची ती दुसरी प्रत होती. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न उघडलेली खाती गूगल काढून टाकू लागलं आहे. निवृत्त झाल्यावर मेलकडे फिरकणार नाही अशी प्रतिज्ञा केलेल्या प्राध्यापकांनी तेवढ्यापुरती ती मोडलेली बरी.

तिसरा पंथ छापील प्रतवाल्यांचा. आलेला प्रत्येक मेल प्रिंट काढून बॉक्स फाइलला लावायचा. मेलच्या तळाशी ‘झाडे वाचवा, हा मेल छापू नका’ अशी विनंती असते; ती बहुधा दुसऱ्या पानावर जाते, म्हणून तिच्यासाठी वेगळा कागद खर्च होतो. या पंथाला हसण्यात अर्थ नाही. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायला सांगितली आहेत, आणि ७२ महिने कागद टिकतो याचा अनुभव प्रत्येकाला आहे. हार्डडिस्कबद्दल तशी खात्री देणारा माणूस अजून चौकात भेटलेला नाही.

गंमत म्हणजे हा सगळा धडा अमरावती जिल्ह्याने सातशे वर्षांपूर्वी गिरवला आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याला गाठून, विचारून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. पण महानुभावांनी ती जपण्याबरोबर पाठही केलेली होती. ज्यांना जे मुखोद्गत होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला, आणि त्यात हिराइसा या बाईंच्या स्मरणशक्तीचा मान मोठा आहे. अर्थात वेगवेगळ्या डोक्यांतून परत आणलेला मजकूर तंतोतंत जुळत नाही, म्हणून ‘लीळाचरित्रा’चे वेगवेगळे पाठ झाले आणि अभ्यासक अजून ते ताडून पाहतात. दोन बॅकपमधली कोणती फाइल खरी, हा प्रश्न त्यामुळे मराठीत थंडरबर्डच्या फार आधीचा आहे.

पुढे याच महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या कुणाला ते धड वाचता येत नव्हते. किल्ली शिष्याकडून शिष्याकडे जायची. आज डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावणारा माणूस पासवर्ड चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी सेलोटेपने डिस्कलाच चिकटवतो.

अशी गुप्त लिपी वऱ्हाडातल्या ऑफिसांनीही तयार केली, फक्त न ठरवता. २००३ सालचे मराठी मेल युनिकोडमध्ये नव्हते. ते कृतीदेव नाही तर श्रीलिपीच्या फाँटात टाइप केलेले असत. बॅकप शाबूत, पीएसटी उघडली, मेल सापडला, आणि आत दिसतात इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा. तो फाँट टाकल्याशिवाय त्यातून ‘महोदय’सुद्धा बाहेर येत नाही. मग ऑफिसात शोध सुरू होतो तो २००३ मध्ये टायपिंग करणाऱ्या बाईंचा. त्या निवृत्त होऊन नातवंडांत रमलेल्या असतात. त्यांना फोटो पाठवला तर त्या चष्मा लावतात आणि घडाघडा वाचून दाखवतात. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर हे त्यांच्या बोटांना अजून पाठ असतं.

पीटर क्रोह नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने या सगळ्यावर एक सुटसुटीत नियम सांगितला, तो ३-२-१ म्हणून ओळखला जातो. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव कशाला, हे अकोल्याला २०२१ च्या जुलैत कळलं. मोर्णेला पूर आला आणि पाणी वस्त्यांत शिरलं. पाण्याला कॉम्प्युटर कोणतं आणि शेजारच्या कपाटातला बॅकप कोणता, हा भेद करता येत नाही.

तेव्हापासून अकोल्यातल्या दालमिलवाल्यांपैकी एखादा धोरणी माणूस प्रत खरोखर बाहेरगावी पाठवतो. अकोल्याचं बाहेरगाव म्हणजे अमरावती, आणि अमरावतीत साईनगरला मोठी बहीण असतेच. डिस्क, तिच्याबरोबर पाच किलो तुरीची डाळ, आणि कपाटात ठेवण्याविषयी तीन फोन. पुढचा मार्च उजाडतो, खात्याची नोटीस येते, जुना मेल लागतो आणि इथलं कॉम्प्युटर नेमकं त्याच आठवड्यात बसतं.

‘‘ताई, माही डिस्क जागेवर हाये ना?’’

‘‘हाये ना. पन एवढी जागा रिकामी होती त्यात, त पोट्ट्यानं लग्नाचे सारे व्हिडिओ टाकले.’’

‘‘आन माहे मेल? पुसले काय त्यानं?’’

‘‘कायले पुसते? त्यानं आंधी ते आपल्या कॉम्प्युटरवर बी उतरवून ठेवले. पाहून घे बाप्पा, तोच बोलते.’’

भाचा फोनवर येतो. मेल डिस्कमध्येही आहेत आणि त्याच्या कॉम्प्युटरमध्येही. आठवड्याने सगळं ऑनलाइन चढवूनही ठेवलं, कारण डिस्क लई आवाज करत होती. ३-२-१ चा नियम, पीटर क्रोहचं नावही न ऐकता, साईनगरात शेवटच्या अटीपर्यंत पाळला गेलेला असतो. फाइल कुठे आहे तेवढं सांग, म्हटल्यावर तो जरा अडखळतो.

‘‘फोल्डर आहे ना मामा. फक्त नाव काय द्यावं ते समजलं नाही, तर ‘मामाचा कचरा’ असं दिलं.’’